वाचकाची सकाळ

९ जानेवारी

काका,

नमस्कार, प्रकृतीची चौकशी, घरातल्या सगळ्यांची खुशाली, हे सगळं लिहून झालं असं धरून चाला. मला मुद्द्यावर यायची घाई आहे. मी लागले! तुमच्याच पेपरात, तुमच्याच त्या लाकडी जिन्यावरून वर जाऊन, शिकाऊ वार्ताहर म्हणून. तीन महिने कामाचा अनुभव घ्यायचा, जमलं तर कायम, नाही जमलं तर घरी. संपादकांनी एवढंच सांगितलं आणि मग चष्मा काढून विचारलं, "काका काय म्हणतात? लिहितात का काही?" मी म्हटलं, मलासुद्धा लिहीत नाहीत, तुम्हाला कुठून लिहिणार?

टोमणा कळला असेल तर उत्तर पाठवा.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. "एक वाया गेला तेवढा पुरे नव्हता का?" हा एक म्हणजे तुम्ही. तुम्ही गाव सोडलंत, पेपर सोडलात, सगळं सोडलंत, पण आमच्या घरातल्या कुठल्याही भांडणात तुमचं नाव मिठासारखं चिमूटभर पडतंच. आई मध्ये पडली म्हणून निभावलं. ठरलंय ते असं, की तीन महिन्यांत कायम झाले तर बाबा गप्प बसणार, नाही झाले तर मी मुकाट्याने शाळेतल्या नोकरीचा अर्ज भरणार. तेव्हा मला कायम व्हायचंच आहे. काहीही करून. शाळेत मी एक तर मुलांना मारीन, नाही तर मुलं मला.

ऑफिस तुम्ही सोडलंत तसंच असणार. खिडक्या उघडत नाहीत, पंखा थांबत नाही. माझ्या वर एक उपसंपादक आहेत, त्यांना सगळे कात्री म्हणतात. माझी पहिली बातमी त्यांनी इतकी कापली की फक्त शेवटचा पूर्णविराम माझा राहिला. ते म्हणतात, तुमच्या हाताखाली शिकले. खरं आहे का?

माझं रोजचं काम म्हणजे फोनची फेरी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पोलीस चौकी, अग्निशामक दल, सरकारी दवाखाना. विचारायचं एकच, "काही आहे का?" दवाखान्यातली नर्स म्हणते, "नाही, आज कुणी नाही," आणि आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे पडतात. पहिल्या दिवशी मला ते फार वाईट वाटलं. आता माझाही पडतो.

तुमची, बाबांच्या मते वाया चाललेली, पुतणी

२१ जानेवारी

काका,

तुमचं कार्ड मिळालं. "मन लावून काम कर. कात्रीचं ऐक." एवढ्यासाठी पोस्टाला त्रास दिलात! तरी मी ते उशीखाली ठेवलंय, आणि आईने ते पाहिलंय, आणि तिने बाबांना सांगितलेलं नाही.

कात्रींचं ऐकते आहे. परवाची गंमत सांगते. वाचनालयाचा बक्षीस समारंभ होता. मी पिशवी खांद्याला अडकवून निघाले, तर कात्री म्हणाले, "कुठे?" म्हटलं, समारंभाला. म्हणाले, "तो सुरू होईल तेव्हा आपलं पान छपाईला गेलेलं असेल. बस खाली. ही निमंत्रणपत्रिका घे आणि बातमी लिही." मी म्हटलं, अहो, कार्यक्रम अजून व्हायचाय! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाबा भाजीवाल्याकडे बघतात.

"वाचक बातमी कधी वाचणार?"

"सकाळी."

"सकाळी कार्यक्रम झालेला असेल की नसेल?"

"असेल."

"मग झालेला लिही. आपण आपल्या संध्याकाळची बातमी लिहीत नाही, वाचकाच्या सकाळची लिहितो. माझं नाही, तुझ्या काकांचं वाक्य आहे हे. याच टेबलावर बसून मला शिकवलंय त्यांनी."

मग काय! मी बसून समारंभ उत्साहात पार पाडला. पाहुण्यांच्या तोंडी वाचनाचं महत्त्व घातलं, टाळ्यांचा कडकडाट केला, आभारप्रदर्शनसुद्धा उरकलं. दुसऱ्या दिवशी कळलं की पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी त्या पाहुण्यांचाच फोन. म्हणाले, भाषण फार चांगलं झालंय, अंकाच्या प्रती पाठवता का? आम्ही सगळे इतके हसलो की खालून प्रेसचा माणूस बघायला वर आला.

मला तुमचा फार अभिमान वाटला, काका. खरंच. एक वाक्य टाकून गेलात आणि अख्खं ऑफिस त्यावर चालतंय.

तुमची पुतणी

३ फेब्रुवारी, सकाळी

काका,

कात्रण सोबत जोडलंय. आधी ते वाचा. मग परत वाचा. पहिलं पान! घडीच्या खालच्या अर्ध्यात आहे, पण पहिलं पान आहे. "काचेच्या कारखान्यात अपघात, कामगाराचा मृत्यू." त्यातला शब्द न् शब्द माझा. कात्रींनी फक्त एक "अत्यंत" काढला.

काल संध्याकाळच्या फेरीत चौकीवरून कळलं. काचांच्या तावांची उभी चळत एका कामगारावर कोसळली. मी कारखान्यात फोन केला, चौकीत परत केला, दवाखान्यात केला. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती, संपादक दारात येऊन उभे राहिले होते आणि मी फोन कानाला लावून लिहीत होते. अक्षर कसंबसं वाचता येत होतं. दवाखान्यातल्या नर्सशी मीच बोलले. (ती नेमकं काय म्हणाली ते विचारू नका. तुमचाच नियम लावला, एवढंच.)

संपादक पाठीवर थाप मारून म्हणाले, "काकांची पुतणी शोभतेस." आज सकाळी आईने अंक बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी वाचला. मग घडी नीट घातली. अंक फेकला नाही, यातच सगळं आलं.

आता फोनच्या फेरीला निघते. पत्र वाटेत टाकते.

तुमची

३ फेब्रुवारी, दुपारी

काका,

पोस्ट ऑफिसात बाकावर बसून लिहितेय. तुम्हाला ट्रंक कॉल लावायला दिलाय, तो लागेपर्यंत काय बोलायचं ते नीट लिहून काढते. फोनवर तुम्ही "थोडक्यात सांग, थोडक्यात सांग" करता आणि माझी गाडी रुळावरून घसरते.

तो माणूस जिवंत आहे.

काल संध्याकाळी नर्स म्हणाली होती, "अजून आहे, पण सकाळ काढेल असं वाटत नाही." मी कात्रींना तसंच सांगितलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "वाचक कधी वाचणार?" आणि मी लिहिलं की उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. मी लिहिलं. कात्रींनी फक्त विचारलं होतं.

आज सकाळी फेरीत विचारलं, "काही आहे का?" म्हणाली, नाही. मी म्हटलं, तो काचेच्या कारखान्यातला? म्हणाली, "तो आहे की. ऑपरेशन करायचंय त्याचं, रक्ताची वाट बघताहेत. आणि तुम्ही लोक काय छापता हो?" मी फोन ठेवला. 

संपादकांकडे गेले. म्हटलं, उद्याच्या अंकात खुलासा देऊ या.  ते काय म्हणाले ऐका. "खुलासा उद्या सकाळी लोकांच्या हातात जाणार. उद्या सकाळी तो असेल याची खात्री आहे तुला? नसला तर? काल जिवंत माणूस मारला, उद्या मेलेला जिवंत करायचा? एका माणसाच्या बाबतीत दोनदा चुकायचं? थांबू या."

तेव्हापासून ऑफिस थांबलंय. फोन वाजला की सगळे माना वर करतात. दवाखान्याचा नाही असं कळलं की खाली घालतात. काका, मीही मान वर करत होते. प्रत्येक जण त्या फोनची वाट बघतोय, आणि तो कशाचा फोन असणार हे प्रत्येकाला माहीत आहे. तो मेला की आपण बरोबर. मलाही तसंच वाटलं. क्षणभर नाही, चांगलं बराच वेळ वाटलं.

मग मला तिथे बसवेना. मी दवाखान्यात गेले. लांब खोली, ओळीने लोखंडी खाटा, त्यातली शेवटची, भिंतीजवळची. मांडीपासून पोटापर्यंत नुसतं बँडेज, आणि ते वरून पांढरं राहिलेलं नाही. पण डोळे उघडे होते. स्टुलावर त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. तिने विचारलं, कोणाकडे आलीस? मी म्हटलं, आमचे काका शेजारच्या वॉर्डात आहेत. तुम्हाला आजारी पाडलं, माफ करा. पेपराचं नाव तोंडातून निघेना.

चांगली बाई आहे. मी तिला वहिनी म्हणायला लागले. तिने मला सरकून स्टुलाचा कोपरा दिला आणि बोलत सुटली. त्याचा रक्तगट सहजासहजी मिळत नाही. दवाखान्यात होतं तेवढं काल चढवून झालं. कारखान्यात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहिलेला असतो, त्यामुळे कोणाचा जुळतो हे सोबत्यांना माहीत आहे. ते सांगून गेले होते, सकाळी रात्रपाळी सुटली की कंपनीच्या बसमधून सरळ दवाखान्यात येतो. "शब्दाची माणसं आहेत ती," वहिनी म्हणाली. "बस कुठे अडकली कोण जाणे. मला यांना सोडून जाता येत नाही. तू बाहेर जातेसच ना, कारखान्यावर एवढा निरोप देशील? म्हणावं, डॉक्टर खोळंबलेत."

मी हो म्हटलं.

बस का आली नाही ते मला तिथल्या तिथे कळलं. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे आपला अंक रोज टांगलेला असतो. पाळी सुटली की सगळे तिथेच थांबतात.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. संपादकांना फोन करा. माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. त्यांनी परवानगी दिली की मी उजळ माथ्याने कारखान्यावर जाते आणि सांगते, पेपर चुकला, चला. परवानगीशिवाय गेले किंवा नुसता फोन केला तरी पहिला प्रश्न येणार, तू कोण, तुला कसं माहीत? त्यानंतर ऑफिसात माझं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

माझं नाव पुकारलं. फोन लागला.

५ फेब्रुवारी

काका,

तो आज पहाटे गेला.

परवा फोनवर मी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. तुम्ही मध्ये एकदाही "थोडक्यात" म्हणाला नाहीत, तेव्हा मला वाटलं, चला, काकांना कळलं. मग तुम्ही म्हणालात, "संपादक बरोबर सांगतोय." म्हणालात, "कारखान्यावर गेलीस तर पेपराची अब्रू जाईल, आणि ती तू घालवलीस असं होईल. शहाणी असशील तर आज कुठेही जाऊ नकोस. सकाळपर्यंत थांब. सकाळी आपोआप मिटलेलं असेल." मी विचारलं, काका, मिटलेलं म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, लाइन खराब आहे.

लाइन चांगली होती. तुमच्याकडचं घड्याळ टिकटिकताना ऐकू येत होतं.

मी गेले नाही. घरी आले, जेवले, झोपलेसुद्धा. तुम्ही सांगितलंत म्हणून थांबले असं मी स्वतःला बजावत होते, पण खरं सांगू? मला तेच ऐकायचं होतं. नोकरी हवी होती. तुम्ही "जा" म्हणाला असतात तर मला तुमचा राग आला असता.

काल सकाळी फेरीत विचारलं. "काही आहे का?" "नाही." पुन्हा माना खाली. दुपारी मला ते असह्य झालं आणि कुणाला न विचारता मी कारखान्यावर गेले. पहारेकऱ्याला म्हटलं, तो जिवंत आहे. तो म्हणाला, "बाई, आमची थट्टा करू नका." मुकादमाला बोलावलं, त्याला सांगितलं, तो तर अंगावरच आला. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

त्याने जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंच पाहिजे. परवा सकाळी पाळी सुटली, बस उभी होती, रक्त देणारे चढलेसुद्धा होते. कुणीतरी टपरीवरून अंक आणला. सगळे उतरले. मग पुन्हा चढले आणि दवाखान्याऐवजी त्याच्या घरी गेले. दाराला कुलूप. म्हणाले, बायको त्याला घेऊन येईल, आपण असायला हवं. दिवसभर ती सगळी माणसं कुलूप लावलेल्या दारासमोर बसून प्रेताची वाट बघत होती, आणि इकडे दवाखान्यात तो त्यांची वाट बघत होता. संध्याकाळी शेजारी म्हणाले, परस्पर गावी नेलं असेल. मग उठले.

काल ते धावतच दवाखान्यात गेले. रक्त दिलं. ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टर मुकादमाला म्हणाले, "हेच काल झालं असतं तर वेगळं बोललो असतो." मी मागे उभी होते. वहिनी त्या सगळ्यांकडे बघत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "तू निरोप दिलास म्हणून निदान आले तरी." मी हात सोडवून घेतला नाही.

आज ऑफिसात मीच सांगितलं. संपादक म्हणाले, "वाईट झालं," आणि ते मनापासून म्हणाले, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, "म्हणजे आता खुलाशाचा प्रश्न उरला नाही." मी विचारलं, आणि आजच्या मृत्यूची बातमी? कात्री म्हणाले, "एक माणूस दोनदा कसा मारणार?" म्हणजे तो खरा मेला त्याची बातमीच नाही. कोणी हसलं नाही, पण खोली हलकी झाली. पंख्याखालचे कागद आवरून लोक कामाला लागले. चहा आला. तो मीही घेतला.

जाताना संपादकांनी सांगितलं की माझं कायम केल्याचं पत्र टाइप करायला दिलंय. तीन महिने थांबायची गरज नाही म्हणाले.

आईला सांगितलं. तिने बाबांना सांगितलं. बाबांनी बऱ्याच दिवसांनी मला नावाने हाक मारली. एवढ्यासाठी मी काय काय केलं असतं!

तुम्ही पेपर का सोडलात हे मला कुणीच कधी सांगितलं नाही. तुमच्या त्या वाक्याने तुमच्या वेळीही कुणाचं असं झालं होतं का? आता हे मी विचारतेय. उत्तर द्या, किंवा लाइन खराब आहे म्हणा.

१२ फेब्रुवारी

काका,

तुमचं उत्तर आलं नाही. हे माझं शेवटचं पत्र, म्हणून सगळं लिहिते.

नोकरी गेली. कायम केल्याचं पत्र टाइप होऊन सहीला गेलं होतं, तिथेच राहिलं. आजच्या अंकात आतल्या पानावर, सोन्याच्या भावाखाली, खुलासा आलाय. दोन ओळी. मी कात्रण पाठवत नाही.

वहिनी परवा ऑफिसात आली होती. एकटीच. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला तेव्हा मी मुद्रितं तपासत होते. तिने दारातूनच विचारलं, संपादक कोण? आणि मग तिला मी दिसले. ती आधी माझ्याकडे, मग टेबलावरच्या फोनकडे, मग कात्रींच्या हातातल्या पानाकडे पाहत राहिली. मला वाटलं, पळून जावं. मी उठून उभी राहिले.

तिला फक्त तारीख बदलून हवी होती. तिची सासू गावाकडे असते, म्हातारी आहे. तिकडे कुणीतरी तिला अंक वाचून दाखवला. म्हातारी म्हणते, मुलगा दोन तारखेला गेला आणि तू मला पाचला कळवलंस. माझं पोर दोन दिवस झाकून ठेवलंस. तोंड बघायला नको तुझं. वहिनी संपादकांना म्हणाली, "मी सांगते, आई, ते होते हो. माझ्याशी बोलले. पाणी मागितलं. तुमची आठवण काढली. पण त्या म्हणतात, छापलेलं खोटं असतं का? तेवढं तुम्ही छापा, की ते दोन दिवस होते."

संपादकांनी तिला खुर्ची दिली. पाणी मागवलं. फार मऊ आवाजात म्हणाले, "ताई, आमची यात चूक नाही. दवाखान्यातूनच आम्हाला तसं कळवलं होतं. विचारा हिला, हिनेच फोन केला होता." आणि माझ्याकडे वळले. "काय गं, नर्स 'गेला' म्हणाली होती ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कात्रींनी पेन खाली ठेवलं. काका, तो प्रश्न अगदी सोपा केलेला होता. मला फक्त मान हलवायची होती. त्या नर्सचं कोण ऐकणार होतं? घरी बाबांचं शेजाऱ्यांना सांगून झालं होतं, पोरगी कायम झाली म्हणून.

मी म्हटलं, "नाही. ती म्हणाली होती, अजून आहे. आम्हाला तो जिवंत असल्याचं माहीत होतं, तेव्हाच मी मेला लिहिलं."

संपादकांचा चेहरा पडला. रागावले नाहीत, थकल्यासारखे खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मग पाठमोरेच कात्रींना म्हणाले, आतल्या पानावर दोन ओळी घ्या. वहिनीचं काम झालं होतं. मला वाटलं, आता ती उठेल. कदाचित माझ्याकडे बघून मान हलवील, असंही मला वाटलं, आणि त्याची आता लाज वाटते.

ती उठली नाही. मला म्हणाली, "मुकादम घरी आले होते. त्यांच्यावर मी फार ओरडले. म्हटलं, निरोप गेला तरी तुम्ही एक दिवस लावलात. ते रडायला लागले. म्हणाले, निरोप आम्हाला चार तारखेला दुपारी मिळाला." थांबली. "मी तुला तीन तारखेला सांगितलं होतं. तू कधी गेलीस?"

"चार तारखेला."

"का?"

तुमचं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. सांगता आलं असतं, की एक मोठा जाणता माणूस म्हणाला, थांब. मी घेतलं नाही. ते तुमच्यासाठी नाही. ते घेतलं असतं तर मी पुन्हा एकदा कुणाच्या तरी पाठीमागे लपले असते. मी म्हटलं, "मला ही नोकरी हवी होती."

वहिनीने खोलीभर नजर फिरवली. बंद खिडक्या, पंखा, कागद, माझी खुर्ची. कशाबद्दल बोलतेय ही, असं बघून घेतल्यासारखी. मग तिने पिशवी काखेत धरली आणि उठली. ती ओरडेल, मारेल, निदान शाप देईल म्हणून मी उभी होते. तिने यातलं काहीच केलं नाही. जिन्याशी जाऊन थांबली आणि साध्या आवाजात म्हणाली,

"त्या दिवशी तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं, ती पोरगी कोण? मी म्हटलं, कुणी का असेना, आपली बस आणायला गेलीये. तर म्हणाले, मग मी झोपत नाही. आणि खरंच झोपले नाहीत. रात्रभर दाराकडे बघत होते."